भाग 14 : हप्ता वाढला की माणसं का गळतात? यशस्विनीची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं : सरकारने एखादा नियम बदलला, की आपल्या आरोग्य विम्यावर त्याचा परिणाम कसा होतो? उत्तरासाठी मी इथलंच, म्हैसूरकडचं उदाहरण घेतो. योजनेचं नाव यशस्विनी.

साल 2002. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री होते. हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची कल्पना साधी होती : सहकारी सोसायटीच्या सभासदाने महिन्याला पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ रुपये भरायचे आणि त्यात मोठी ऑपरेशनं व्हायची. 2003च्या जूनमध्ये योजना प्रत्यक्ष सुरू झाली. नंजनगूड, हुणसूरकडच्या शेतकऱ्याला विमा कंपनीचं दार शोधावं लागलं नाही. नोंदणी गावच्या सोसायटीतच. पहिल्याच वर्षी राज्यभरात सुमारे 16 लाख माणसं आली, दुसऱ्या वर्षी आकडा 20 लाखांच्या पुढे गेला.

तिसऱ्या वर्षी वर्गणी साठाची एकशे वीस झाली आणि सभासद साधारण 15 लाखांवर आले. आता गळालं कोण, हे बघा.

समजा, शंभर जणांनी साठ रुपये भरले. जमले सहा हजार. वर्षात सहा हजारांचं एक ऑपरेशन झालं, हिशेब बसला. पुढे लोकांना योजना कळली, ऑपरेशनं दोन झाली. आता बारा हजार हवेत, म्हणून वर्गणी एकशे वीस केली. पण तीस जण निघून गेले. जमले आठ हजार चारशे. आणि गेले ते बहुतेक धडधाकट! ज्याला ऑपरेशन सांगितलंय तो कशाला सोडेल? म्हणजे खर्च तेवढाच, तूट तीन हजार सहाशेची. ती भरायला एक तर सरकारने पैसे घालायचे, नाहीतर वर्गणी पुन्हा वाढवायची. वाढवली की आणखी धडधाकट माणसं जाणार. विमा बाजारातलं हे सगळ्यात जुनं दुखणं आहे.

दुसरा बदल 2018चा. राज्याने आरोग्य कर्नाटक योजना आणली आणि यशस्विनी त्यात विलीन केली. दारिद्र्यरेषेखालच्यांना उपचार मोफत, हे चांगलंच झालं. पण रेषेच्या जरा वरच्या शेतकऱ्याला ठरलेल्या दराच्या 30 टक्केच मदत. उरलेले 70 टक्के त्याच्या खिशातून. शिवाय तातडीचा आजार नसेल, तर आधी सरकारी रुग्णालयात जाऊन तिथून चिठ्ठी आणायची. कागदावर आरोग्य योजनेत सगळेच आले. पण वर्गणी भरून मिळणारा हक्क मधल्या माणसाच्या हातून गेला. मागणी होत राहिली आणि 2022च्या नोव्हेंबरमध्ये यशस्विनीची नोंदणी पुन्हा सुरू झाली. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये, शहरात 1000, आणि पाच लाखांपर्यंत उपचार.

यात एक बदल महत्त्वाचा आहे. आता वर्गणी माणशी नाही, कुटुंबाची आहे. आजारी आजोबांबरोबर धडधाकट नातूही आपोआप आत येतो. गळतीवरचा हा एक उपाय.

खासगी विम्याचंही तेच. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. वीस हजारांच्या हप्त्याला आधी 23,600 लागायचे. म्हणजे 3,600 वाचले? पूर्ण वाचतीलच असं नाही. कंपनी स्वतःच्या खर्चावर जो कर भरते त्याची वजावट आता तिला मिळत नाही; तो बोजा ती मूळ हप्त्यात टाकू शकते. म्हणून पावतीवर मूळ हप्ता गेल्या वर्षीशी ताडून बघा.

तेव्हा नवा नियम ऐकलात, की तीन प्रश्न विचारा. पैसे कोण भरणार? नोंदणी माणशी की कुटुंबाची? आणि धडधाकट माणूस आत राहील का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर ती योजना फार दिवस त्याच भावात चालणार नाही.

आणि हो, घरात कुणी सोसायटीचं सभासद असेल, तर नोंदणीची मुदत आजच विचारून घ्या. आजारपण काही मुदत विचारून येत नाही. भेटू पुढच्या भागात.