चौकशी आधी, निकाल मागून
(स्तनाच्या गाठीची सुईने तपासणी)



आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही, ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा स्तनाच्या गाठीसारख्या विषयावर आम्ही बोलावे, हे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु गेल्या तीस वर्षांत कामगार स्त्रियांना इस्पितळात पोहोचविण्याचे काम आमच्याकडे वारंवार आले, आणि पुष्कळदा असे दिसले की, रोगापेक्षा तपासणीच्या भीतीनेच बाईला अधिक दिवस घरी बसविले. त्या भीतीचे निवारण करण्यापुरतेच आमचे बोलणे आहे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या एका सभासद भगिनीच्या स्तनात गाठ लागली. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासावा असे सांगितले. शेजारच्या जाणत्या म्हणविणाऱ्या मंडळींनी बजावले, "सुई लावू नका. सुई लावली की गाठ बिथरते आणि अंगभर पसरते." बाईंनी येऊन आम्हाला विचारले. आम्ही "बघा बाई, तुमची इच्छा," एवढेच म्हणून मोकळे झालो, कारण आम्हालाच काही माहीत नव्हते. सात महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही अवधाण उतरले होते. बाई वाचल्या, पण कदाचित लहान शस्त्रक्रियेने भागले असते, तेथे संपूर्ण स्तन गमवावा लागला. त्या सात महिन्यांचा हिशेब आम्ही आमच्याही नावावर मांडतो. त्यानंतर आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले.

प्रथम त्या शेजाऱ्यांच्या म्हणण्याचा विचार करू. सुई बाहेर येताना चार-दोन पेशी तिच्या वाटेत सांडू शकतात, हे खरे. परंतु त्यामुळे रोग बळावतो किंवा आयुष्य घटते, असे अभ्यासांती आढळलेले नाही. आमच्या त्या भगिनीच्या गाठीला तर सुई लागलीच नव्हती. तरी ती वाढली.

आता ही तपासणी कशासाठी, ते पाहू. कधी स्तनात हाताला गाठ लागते. कधी हाताला काहीच न लागता मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण चित्रात, एखादी जागा संशयास्पद दिसते. चित्र पाहून डॉक्टर तिला शून्य ते सहापैकी एक क्रमांक देतात, आणि ४ किंवा ५ क्रमांक पडला की तुकडा काढून पाहण्याचा सल्ला देतात. चित्र फक्त संशय व्यक्त करते. गाठ साधी की कर्करोगाची, हे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून ठरत नाही. म्हणून पोकळ सुईने त्या जागेचे बारीक तुकडे काढतात, आणि सुई शेजारी भलतीकडे जाऊ नये म्हणून ती यंत्रातल्या चित्रावर पाहत पाहत नेतात. हीच बायॉप्सी. अमेरिकेत अशा दर पाच तपासण्यांपैकी सुमारे चारांत कर्करोग निघत नाही. आपल्याकडे अनेक स्त्रिया गाठ मोठी झाल्यावर येतात, म्हणून ते प्रमाण येथे जसेच्या तसे लावू नये. पण तपासणी सांगितली म्हणजे कर्करोग ठरलाच, हा समज दोन्हीकडे चुकीचाच आहे.

आज ही गोष्ट साधी वाटते. पण ती मिळवावी लागली आहे. विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे रीत अशी होती की, स्त्रीला पूर्ण भूल द्यावयाची, गाठ कापून काढावयाची, ती गोठवून तेथल्या तेथे तपासावयाची, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन काढून टाकावयाचा. जाग येईल तेव्हा आपले शरीर कसे असेल, हे टेबलावर झोपणाऱ्या बाईला ठाऊक नसे. रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईंना १९७४ साली हा रोग झाला. तपासणी आणि शस्त्रक्रिया एका दमात उरकू देण्यास त्यांनी नकार दिला. त्या डॉक्टर नव्हत्या. त्यांनी वाचले, लिहिले आणि भांडण मांडले. १९७९ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेने भरविलेल्या तज्ज्ञमंडळात त्या एकट्याच सामान्य नागरिक होत्या, आणि निदान व उपचार हे दोन टप्पे वेगळे असावेत, अशी शिफारस त्या मंडळाने केली.

त्याच काळात तंत्रही पुढे गेले. दोन कोनांतून क्ष-किरण चित्रे घेऊन सुई नेमक्या जागी नेण्याची युक्ती १९७७ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झाली, आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. स्टीव्ह पार्कर आदींनी पोकळ सुईने तुकडे काढण्याची रीत रूढ केली. आम्ही युनियनवाल्यांना हा न्याय ओळखीचा आहे. आरोपपत्र हाती पडले म्हणजे कामगार दोषी ठरत नाही. आधी रीतसर चौकशी, मग निकाल. चौकशीला घाबरून जो गैरहजर राहतो, त्याचेच नुकसान होते. सुईची तपासणी ही चौकशी आहे.

या तपासणीचे तीन प्रकार आहेत. गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर सोनोग्राफीवर पाहूनच सुई घालतात; हा प्रकार सर्वांत सोपा आणि नेहमीचा. मॅमोग्राफीत मिठाच्या कणांसारखे कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसतात, पण सोनोग्राफीत ते सापडत नाहीत, तेव्हा क्ष-किरण यंत्राचा आधार घेतात. यात बाईला बसवितात किंवा विशिष्ट टेबलावर पालथे झोपवितात, आणि स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात. तो दाब त्रासदायक असतो, आणि हलावयाचे नसते. संशयित जागा फक्त एम. आर. आय. मध्येच दिसत असेल, तर त्या यंत्रात तपासणी होते. तिची सोय मोजक्याच ठिकाणी असते.

जाण्यापूर्वी काय करावे? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी अॅस्पिरिनसुद्धा, चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये. औषधाची अॅलर्जी, गरोदरपण, हृदयात बसविलेले यंत्र, यांपैकी काही असल्यास तेही सांगावे. जागेपुरतीच भूल असल्याने बहुधा उपाशी राहावे लागत नाही. त्या दिवशी काखेत व छातीवर पावडर किंवा अत्तर लावू नये. पुढून उघडणारा सैल ब्लाउज घालावा, आणि सोबत एक माणूस न्यावे.

सोनोग्राफीच्या खोलीत बाईला उताणे किंवा किंचित कुशीवर निजवितात. कातडी औषधाने पुसतात आणि भुलीचे इंजेक्शन देतात. ते काही क्षण चुरचुरते. सगळ्यात दुखणारा भाग बहुधा एवढाच. मग कातडीला अगदी बारीक छेद देऊन सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुई आत नेतात. चाप दाबला की 'टक्' असा आवाज होतो, कचेरीतल्या स्टेपलरसारखा. पुष्कळ बायका दचकतात त्या या आवाजाला. म्हणून तो आधी एकदा ऐकवावा, असे डॉक्टरांना खुशाल सांगावे. असे बहुधा तीन ते सहा तुकडे काढतात. दडपल्यासारखे वाटेल, पण टोचून दुखले तर लगेच बोलावे, म्हणजे आणखी भूल देता येते. कधी त्या जागी तिळाएवढी धातूची खूण ठेवतात, पुढे जागा ओळखता यावी म्हणून. ती कायम राहिली तरी बाधत नाही. खोलीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत साधारण अर्धा ते एक तास लागतो. टाके पडत नाहीत.

नंतर जागा काही मिनिटे दाबून धरतात व पट्टी लावतात. घरी कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, आणि एक-दोन दिवस हंडे, बादल्या, ओझी उचलू नयेत. ही सूचना घरातल्या इतरांनी ऐकावयाची आहे. दुखल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. थोडे काळेनिळे होते, ते आठवडा-दोन आठवड्यांत जाते. रक्त थांबत नसेल, ताप आला, लाली वाढली किंवा पू आला, तर मात्र लगेच परत जावे.

तुकड्यांचा अहवाल यावयास काही दिवस लागतात. हे दिवस सुईपेक्षा कठीण जातात, असे बायका आम्हाला सांगतात. कर्करोग निघाल्यास त्याच तुकड्यांवर आणखी चाचण्या करतात, कारण कोणते औषध लागू पडेल हे त्यांवरून ठरते. अहवाल आला की डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : "चित्रात दिसले ते आणि तुकड्यात सापडले ते, जुळते का?" जुळत नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते, कधी शस्त्रक्रियेने गाठ काढून पाहावी लागते. आणि अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पगाराची चिठ्ठी जपतो, तशीच ही जपावी.

शेवटी आपल्या मुंबईतील एक गोष्ट सांगतो. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास चालविला. निम्म्या भागांत साध्या शिकलेल्या, खास तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासलेल्या स्त्रियांत रोग अधिक लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालच्या स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु सेविकेच्या हाताला गाठ लागली, तरी पुढे बाई सुईच्या तपासणीला गेली नाही, तर त्या हाताचा उपयोग काय?

पुरुष श्रोत्यांना एकच विनंती. घरातली बाई म्हणाली की गाठ लागते आहे, तर आमच्यासारखे "तुमची इच्छा" म्हणून मोकळे होऊ नका. त्या दिवसाची रजा टाका आणि तिच्याबरोबर जा. आणि भगिनींनो, गाठ लागली तर तपासणीची तारीख घ्या, आणि त्या तारखेला हजर राहा.