साप्ताहिक सभेतून निघालेली मोहीम

महाराष्ट्रातील तालुक्याच्या कोणत्याही बऱ्यापैकी गावात आज रोटरीची किंवा लायन्सची शाखा असते. आठवड्याच्या ठरलेल्या वारी तिची सभा भरते. गावातील डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी, साखर कारखान्यातील अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक अशी निरनिराळ्या पेशांची माणसे दोन घटका एकत्र बसतात. जुलैच्या प्रारंभी नव्या अध्यक्षाचा पदग्रहण समारंभ होतो, आणि मग वर्षभर रक्तदान, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, वह्यावाटप, बसथांब्यावरील निवारा, शाळेतील पाण्याची टाकी अशी कामे यथाशक्ती चालू राहतात. या कामांची उपयुक्तता कोणी नाकारीत नाही; परंतु फलक, हारतुरे आणि वर्तमानपत्रातील छायाचित्रे यांच्या गर्दीत त्यांचे खरे मोल अनेकदा दिसेनासे होते, आणि ही मंडळी नेमके साधतात तरी काय, असा प्रश्न सुज्ञ माणसेही विचारू लागतात. त्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत समाधानकारक उत्तर पोलिओच्या इतिहासात आहे; आणि तो इतिहास आपल्या देशात घडलेला असूनही आपल्याकडे फारसा सांगितला गेलेला नाही.

यांपैकी रोटरीचा उगम अगदी साधा होता. शिकागो शहरात 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे एका कचेरीत जमले. मोठ्या शहरातील एकटेपणात परस्परांशी स्नेह जोडावा आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लावावा, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु स्नेहाच्या वर्तुळाबाहेर पाहिल्यावाचून अशा मंडळाला फार काळ चैतन्य राहत नाही, हे त्यांच्या लौकरच ध्यानात आले, आणि 1907 पासून त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालये बांधावीत म्हणून नगरपालिकेकडे पाठपुरावा सुरू केला. जगभर पसरलेल्या एका सेवासंस्थेचे पहिले लोकोपयोगी काम शौचालयांचे असावे, यात मला मोठे औचित्य वाटते. कारण जी गरज प्रत्येकाला असते आणि जिच्याविषयी बोलण्यास सभ्य माणसे संकोचतात, तिची दखल घेण्यास एक प्रकारचे धैर्य लागते. हिंदुस्थानात 1920 च्या आरंभी कलकत्त्याच्या क्लबाला सनद मिळाली, 1929 मध्ये मुंबईत क्लब स्थापन झाला, आणि 1962 साली कलकत्त्याचे नितीश लाहरी हे या संस्थेचे पहिले भारतीय जागतिक अध्यक्ष झाले.

लायन्सचा जन्म 1917 चा, शिकागोतीलच. तिच्या कार्याला दिशा मिळाली ती 1925 साली हेलन केलर यांच्या भाषणाने. अंधांच्या बाजूने लढण्याचे व्रत घ्या, असे आवाहन त्यांनी त्या संस्थेच्या अधिवेशनात केले आणि संस्थेने ते शिरोधार्य मानले. 1930 साली इलिनॉय प्रांतातील पिओरिया या गावी तेथील क्लबाच्या एका पदाधिकाऱ्याने एका अंध माणसाला रहदारीच्या रस्त्यात चाचपडताना पाहिले. त्याच्या हातातील काळी काठी मोटारवाल्यांना दिसतच नव्हती. तेव्हा काठ्या पांढऱ्या रंगवून त्यांवर लाल पट्टा काढावा, असे क्लबाने ठरविले, आणि त्याच वर्षी पिओरियाच्या नगरपालिकेने पांढरी काठी धरणाऱ्यास रस्ता ओलांडताना अग्रहक्क देणारा नियम केला. आपल्याकडे 1956 साली मुंबईत पहिला लायन्स क्लब निघाल्यापासून तालुक्या-तालुक्यांत भरलेली नेत्रशिबिरे हा त्याच परंपरेचा विस्तार आहे. त्यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल; येथे पोलिओकडे वळतो.

पोलिओ हा विषाणूचा रोग. दूषित पाणी, मळलेले हात आणि उघडी गटारे यांच्या वाटेने तो बालकाच्या पोटात शिरतो, आतड्यात वाढतो आणि काही मुलांच्या मज्जारज्जूतील स्नायुचालक पेशी नष्ट करतो. दोनशे मुलांना संसर्ग झाला तर त्यांपैकी साधारण एकाचाच हात वा पाय कायमचा लुळा पडतो. उरलेल्यांना किरकोळ ताप येतो किंवा काहीच होत नाही. या रोगाशी लढणे एवढे बिकट का झाले, याचे कारण नेमके येथे आहे. गावात एक मूल लंगडू लागले, म्हणजे आजूबाजूच्या दोनशे घरांत विषाणू गुपचूप फिरून गेलेला असतो, आणि एकट्या त्या मुलावर उपचार करून गावाचे रक्षण होत नाही. गावातील एकूण एक मुलाला लस पाजावी लागते. आपल्या देशात 1978 च्या सुमारास या रोगाने दररोज पाचशे ते हजार मुले अधू होत असत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर 1947 साली अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले, आणि त्यातूनच हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. एका आईच्या वेदनेतून उभी राहिलेली ती संस्था आदरणीयच. परंतु आलेल्या मुलाच्या लुळ्या पायाला आधाराचा कॅलिपर बांधणे हे एक काम, आणि कोणत्याच मुलाला त्याची गरज पडू नये अशी तजवीज करणे हे दुसरे. हे दुसरे काम एकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातील नव्हते.

29 सप्टेंबर 1979 रोजी फिलिपीन्समध्ये मनिलाजवळच्या माकाती येथे रोटरीने त्या देशातील सुमारे 60 लाख मुलांना लस पाजण्याच्या कामाचा प्रारंभ केला. पाच वर्षांच्या त्या योजनेला सुमारे 7 लाख 60 हजार डॉलर खर्च अपेक्षित होता. म्हणजे दरडोई खर्च अगदी क्षुल्लक. तोंडात दोन थेंब टाकावयाचे असल्याने सुई लागत नाही, डॉक्टर लागत नाही, थोड्या शिकवणुकीने शिक्षक, गृहिणी, दुकानदार कोणीही ते करू शकतो, ही गोष्ट तेथे प्रत्ययास आली. आणि साप्ताहिक सभेला जमणाऱ्या सामान्य माणसांच्या संस्थेला आपल्या कुवतीत बसणारे एक मोठे काम गवसले. 1985 साली रोटरीने जगातील सर्व बालकांसाठी हे व्रत जाहीर केले. 12 कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प होता, 1988 पर्यंत 24 कोटी 70 लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओच्या निर्मूलनाचा ठराव केला, त्या वेळी सव्वाशे देशांत वर्षाकाठी साडेतीन लाख मुले या रोगाने पांगळी होत होती.

द्रव्यबळ महत्त्वाचे खरेच. तरीही हिंदुस्थानातील हकीकत पाहता, पैशाने जे झाले नसते ते शेजाराने झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. दिल्ली राज्याने 2 ऑक्टोबर 1994 रोजी एकाच दिवशी सर्व मुलांना डोस पाजून दाखविला, आणि पुढच्या वर्षी 9 डिसेंबरला ही मोहीम देशव्यापी झाली. एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे 17 कोटी बालके आणि वीस लाखांहून अधिक कार्यकर्ते, हा व्याप सरकारचाच. लस सरकारची, कर्मचारी सरकारचे, हुकूमही सरकारचा. क्लबाचा वाटा कोठे? तो बूथवर जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही.

रविवारी सकाळी चावडीत, अंगणवाडीत किंवा एसटी स्थानकाच्या आवारात एक टेबल मांडलेले असते. त्यावर बर्फाच्या पिशव्यांनी भरलेला निळा डबा, डब्यात लसीच्या लहान कुप्या. प्रत्येक कुपीच्या लेबलावर एक वर्तुळ आणि त्यात एक फिकट चौकोन असतो. लसीला उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाइतका गडद झाला की ती कुपी बाद. अंगणवाडीच्या ताई मुलाच्या तोंडात दोन थेंब टाकतात, डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावतात आणि वहीत नोंद करतात. आता हा डबा सकाळी सहाला तालुक्याहून वीस मैलांवरच्या वाडीत न्यायचा कोणी, बर्फ संपला तर दुपारी पुन्हा आणायचा कोणी, दिवसभर बसलेल्या ताईंना जेवण कोण देणार, रिक्षावर कर्णा बांधून आदल्या दिवशी दवंडी कोण पिटणार, या प्रश्नांची उत्तरे सरकारी तरतुदीत पुरेशी नसत. ती क्लबाच्या सभासदांनी आपापल्या जीपगाड्यांतून, दुकानातल्या बर्फाच्या पेट्यांतून आणि घरच्या स्वयंपाकातून दिली. मुलांना ओढ वाटावी म्हणून शिट्ट्या आणि फुगे त्यांनीच पुरविले. पुढचे दिवस घरोघर फिरण्याचे: सर्व मुलांना डोस मिळालेल्या घरावर खडूने एक खूण, मूल राहून गेलेल्या वा नकार मिळालेल्या घरावर दुसरी; आणि त्या दुसऱ्या खुणेच्या घरी पुन्हा पुन्हा जाणे.

नकार हा या कथेचा सर्वांत कठीण भाग. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लसीने मुले वांझ होतात अशी वदंता पसरली, आणि जेथे रस्ता, दवाखाना, गटार यांपैकी काहीच सरकार देत नाही तेथे तेच सरकार दर दीडदोन महिन्यांनी मोफत थेंब घेऊन का येते, असा संशय लोकांना यावा, यात अस्वाभाविक काय आहे? 2002 साली देशात 1600 रुग्ण सापडले, त्यांपैकी 1242 एकट्या उत्तर प्रदेशातील. शिवाय तेथील दाट वस्तीत आणि सततच्या हगवणीत लसीचा एकेक डोस इतर प्रांतांच्या मानाने पुष्कळच कमी परिणामकारक ठरे; आठ-दहा डोस घेतलेले मूलही कधीकधी आजारी पडे, आणि मग लस निरुपयोगी असल्याची समजूत पक्की होई. अशा वेळी दटावणीचा मार्ग घातक ठरला असता. रोटरीने उलेमांची समिती बनविली. मौलवींनी मशिदीतून आवाहन केले आणि काही ठिकाणी स्वतः दारोदार गेले. स्थानिक सभासदांनी तापाची औषधे आणि तपासणी देणारी आरोग्यशिबिरे याच वस्त्यांत भरविली, जेणेकरून लोकांची जी गरज लोकांना स्वतःला जाणवत होती तिचीही दखल घेतली जावी. मला या मोहिमेतील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. अनोळखी अंमलदाराला जे दार उघडत नाही ते ओळखीच्या दुकानदाराला, मुलांना शिकविणाऱ्या मास्तरांना उघडते. क्लबाने सरकारची जागा घेतली नाही, सरकारला उंबरठ्यापर्यंत नेले.

बिहारमध्ये कोसीच्या खोऱ्यात अडचण वेगळी होती. पुराने वस्त्याच जागा बदलीत, आणि लसीचे डबे नावेतून न्यावे लागत. महाराष्ट्राचाही या लढ्याशी निकटचा संबंध आहे. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारात आयात केलेल्या घाऊक लसीपासून कुप्या भरून त्या देशभर जात. त्याच आवारातील प्रयोगशाळेत लुळेपणा आलेल्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासले जात, आणि 2001 पासून मुंबईच्या सांडपाण्यातही विषाणूचा शोध घेतला जाई. मुंबईत सापडलेल्या विषाणूंची वंशावळ उत्तर प्रदेश आणि बिहारपर्यंत पोहोचते, हे त्यातून दिसून आले. पोटासाठी स्थलांतर करणाऱ्या माणसांबरोबर विषाणू प्रवास करीत होता. म्हणूनच रेल्वे स्थानके, वीटभट्ट्या, बांधकामाची ठिकाणे, ऊसतोडणी कामगारांची पाले येथे खास पथके ठेवण्यात आली. 2009 साली देशात 741 रुग्ण होते, जगातील एकूण संख्येच्या जवळपास निम्मे. 2010 च्या जानेवारीत दोन प्रकारच्या विषाणूंवर एकदम परिणाम करणारी नवी लस आली आणि त्या वर्षी रुग्ण 42 वर उतरले. त्यांपैकी पाच महाराष्ट्रातील, मालेगावच्या परिसरात साथ उद्भवल्यामुळे. त्या यंत्रमागांच्या गावात नंतर झालेले काम याच धाटणीचे होते: आधी मोहल्ल्यातील मानाची माणसे, मग लस.

देशातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. 27 मार्च 2014 रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. जंगली विषाणूचे ठाणे अद्याप पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात असल्याने आपल्याकडील फेऱ्या आजही चालू आहेत, आणि त्या रविवारी टेबल मांडण्यास क्लबाची माणसे आजही येतात.

मात्र एका गोष्टीकडे या मंडळींचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. साथी ऐन भरात असताना ज्यांना हा रोग झाला ती मुले आज चाळिशी-पन्नाशीची झाली आहेत. त्यांच्यापैकी काहींना पूर्वी सावरलेल्या स्नायूंत तीस-चाळीस वर्षांनंतर पुन्हा अशक्तपणा येऊ लागतो, चालताना थकवा वाढतो, ठणका लागतो; वैद्यकशास्त्राला ही अवस्था ठाऊक आहे, तालुक्याच्या दवाखान्यात मात्र ती ओळखली जातेच असे नाही. शिबिरात मोफत मिळालेल्या कॅलिपरचा चामडी पट्टा वर्ष-दोन वर्षांत तुटतो, गुडघ्याचे कुलूप झिजते, बूट फाटतो. दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून अनेक जण तो खुंटीला टांगून पुन्हा मांडीवर हात टेकून चालू लागतात. नवे कॅलिपर वाटण्याच्या समारंभाला पाहुणे मिळतात, दुरुस्तीच्या कामाला मिळत नाहीत. प्रत्येक क्लबाने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात या दुरुस्तीसाठी एक स्वतंत्र रक्कम धरावी, बाजाराच्या दिवशी कॅलिपरचा कारागीर तालुक्याच्या गावी बसवावा, आणि पोलिओ-रविवारच्या जुन्या वह्यांत ज्या वस्त्यांची नोंद आहे त्या वस्त्यांत फिरून अशा माणसांची यादी करावी. वस्त्यांची माहिती, गाड्या आणि ओळखी त्यांच्यापाशी आधीच आहेत.