"आपण सभासद आहात काय?"

मालेगावात आमचा कोऱ्या कपड्याचा धंदा आहे. 1998 साली बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडे आमचे पैसे अडकले. फोन झाले, दोन फेऱ्या झाल्या, हाती काही आले नाही. जाणकार म्हणाले, व्यापारी संघटनेकडे जा, तिच्या पत्राला वजन आहे. बिले व दलालाची चिठ्ठी घेऊन आम्ही गेलो. पहिलाच प्रश्न आला, "आपण सभासद आहात काय?" प्रवेश फी 25,000 रुपये, शिवाय दोन जुन्या सभासदांच्या सह्या. एवढी रक्कम जवळ असती तर आधी सूतवाल्याचे देणे फेडले असते. शेवटी निम्म्यावर तडजोड करून गप्प बसलो.

संघटनेने फी घ्यावी, याबद्दल आमची तक्रार नाही. कार्यालयाचे भाडे, कारकुनाचा पगार कुणी तरी द्यायलाच हवा. परंतु उधारीची मुदत, दलाली, दोषी मालाची कपात हे सारे तेथेच ठरते आणि सभासद नसलेल्यालाही पाळावे लागते. पैसे बुडवणाऱ्यांची नावे मात्र सभासदांनाच कळतात. ज्याला सावध होण्याची गरज सर्वात जास्त, तोच बाहेर राहतो.

पुढे धंदा सावरला, आम्हीही सभासद झालो. एका सभेत प्रवेश फी 51,000 करण्याचा ठराव आला. "किरकोळ लोकांची गर्दी होते," असे कारण सांगितले गेले. ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला. हे लिहिताना शरम वाटते, पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

गेल्या वर्षी बारा मागांचा एक कारखानदार आमच्याकडे आला. त्याचे पेमेंट आठ महिने थकले होते. आमच्या तोंडून तोच प्रश्न निघाला, "आपण सभासद आहात काय?" तो काही न बोलता बिले गोळा करू लागला. तेव्हा आम्हाला 1998 आठवले. त्याला परत बसवले.

छोट्या कारखानदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. त्यासाठी कुठल्याही संघटनेचे सभासदत्व लागत नाही. उद्यम नोंदणीला फी नाही. ती माल देण्यापूर्वीच करून ठेवावी. या कारखानदाराची नोंदणी होती. त्याचा अर्ज आम्ही बसून भरून दिला.

संघटनांनीही मर्यादा ओळखावी. गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेच्या ना-हरकतीशिवाय नवा घाऊक विक्रेता नेमता येत नसे. 2012 साली भारतीय स्पर्धा आयोगाने त्या संघटनेविरुद्ध निकाल दिला. एकत्र येण्याचा हक्क सर्वांना आहे, पण त्या जोरावर दुसऱ्याची रोजी अडवता येत नाही.

येत्या वार्षिक सभेत आम्ही तीन सूचना मांडणार आहोत. फी मागांच्या संख्येप्रमाणे असावी व हप्त्याने घ्यावी. दोन सह्यांची अट काढावी. थकबाकीची तक्रार सभासद नसलेल्याचीही ऐकावी, फार तर पैसे वसूल झाल्यावर थोडा खर्च घ्यावा. मते किती पडतील, सांगता येत नाही. पण व्यापारी बांधवांनो, आपल्या विणकराचे पैसे बुडाले तर उद्या आपल्या गाळ्यात थान कोठून येणार, एवढा विचार हात वर करण्यापूर्वी जरूर करावा.