१२२ ते ५८

मार्चमध्ये, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, आमच्या प्रयोगशाळेत शिरताच गोड वास येतो. देठ काढलेले मणी मिक्सरमध्ये फिरतात, हिरवट लगदा होतो आणि त्यातला १० ग्रॅम मी नळीत तोलून घेते. नळीवर फक्त आकडा. बाग कुणाची, ते आम्हाला कळत नाही.

बहुतेक औषधांसाठी त्यात १० मिलिलिटर इथाइल ॲसिटेट आणि पाणी शोषायला सोडियम सल्फेट घालून जोरात हलवलं, की उर्वरित अंश वरच्या थरात येतो. सीसीसी मात्र येत नाही. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबावी आणि काडीत घड धरावा म्हणून बागायतदार ते फवारत. त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून ते पाण्यातच राहतं. त्याच्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉल लागतं, पदार्थ एकमेकांपासून वेगळे करणारा कॉलमही निराळा.

२०१० मध्ये याच सीसीसीमुळे आपली द्राक्षं युरोपात अडली. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे १० टन मालात अर्धा ग्रॅम! आपल्या तपासणीच्या यादीत तेव्हा सीसीसी नव्हतं. हे मला आजही लागतं. कारण यंत्र कितीही बारीक मोजणारं असलं, तरी जे विचारू तेवढंच ते सांगतं. यादी करणं हेच या कामातलं सगळ्यात जबाबदारीचं काम आहे, असं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

मास स्पेक्ट्रोमीटरचा पहिला गाळा १२२ वस्तुमानाच्या, म्हणजे सीसीसीच्या वजनाच्या, आयनांनाच आत सोडतो. पुढे वायूवर आपटून ते फुटतात. ५८ आणि ६३ हे दोन तुकडे शेवटच्या गाळ्यात मोजायचे. क्लोरीन असतो तो ६३ मध्ये.

काल एका नमुन्यात ५८ चं शिखर दिसलं, अगदी मर्यादेच्या वर. पण ६३ च्या जागी सपाट रेघ. शिवाय जड हायड्रोजन घालून बनवलेला सीसीसीचा जुळा आम्ही प्रत्येक नळीत सोडतो, तो कॉलममधून बाहेर पडतो त्या वेळेपेक्षा हे शिखर पाव मिनिट उशिरा आलं होतं. म्हणजे सीसीसी नव्हे, द्राक्षातलंच काहीतरी. तरी तेवढ्यावर सही करवेना. फ्रीजरमधला राखीव लगदा काढला, तो वितळेपर्यंत थांबले आणि पुन्हा १० ग्रॅम तोलले.