पीतबिंदूचा ऱ्हास आणि घरगुती दृष्टिपरीक्षण

वार्धक्यातील नेत्रविकारांत पीतबिंदूचा ऱ्हास हा विशेष फसवा विकार होय. वाचन, सुईत दोरा ओवणे, चेहरे ओळखणे ही कामे दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूवर अवलंबून असतात. विकाराच्या आर्द्र प्रकारात दृष्टिपटलाखाली विकृत रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या रॅनिबिझुमॅबसारख्या इंजेक्शनांनी ही हानी बहुधा थोपविता येते. परंतु एकदा व्रण निर्माण झाल्यावर गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

रुग्णाला मात्र हा बदल वेळीच जाणवत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना निरोगी डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्स्लर यांची जाळी उपयोगी पडते. १० सेंमी बाजूच्या चौरसात ५ मिमीचे ४०० चौकोन व मध्यभागी ठिपका, एवढेच तिचे स्वरूप. वाचनाचा चष्मा लावून, सुमारे ३० सेंमी अंतरावरून, एक डोळा झाकून केवळ ठिपक्याकडे पाहावयाचे असते. नजर रेषांमागे गेली की परीक्षण व्यर्थ ठरते. नंतर दुसरा डोळा तपासावा. रेषा नव्याने वाकलेल्या, पुसट अथवा तुटलेल्या भासल्यास पुढील ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

तथापि जाळी निर्दोष दिसणे म्हणजे डोळा निर्दोष असणे नव्हे. दृष्टिक्षेत्रातील लहान रिक्त जागा मेंदू स्वतःच भरून काढतो. त्यामुळे दृष्टिपटलाची नियमित तपासणी या कागदामुळे टळत नाही.