मिरच्यांचा ठसका आणि बाळाची दृष्ट

तिन्हीसांजा झाल्या की महिन्याभराचे बाळ रडू लागते. पोट भरलेले असते, लंगोट कोरडा असतो, तरी रडणे थांबत नाही. दुपारी शेजारपाजारची मंडळी बाळ बघून गेलेली असतात. मग आजी मूठभर मीठ, मोहऱ्या आणि पाच-सात सुक्या मिरच्या घेते, बाळावरून ओवाळते आणि निखाऱ्यावर टाकते. निखारा नसेल तर गॅसवरचा जुना तवा असतोच. मीठ-मोहऱ्या तडतडतात. सगळे नाक उघडे ठेवून वाट पाहतात. ठसका येत नाही. ‘बघा, केवढी दृष्ट लागली होती!’ आजी म्हणते. थोड्या वेळाने बाळ झोपी जाते.

यातले काहीही खोटे नाही. ठसका खरोखरच आला नाही आणि बाळ खरोखरच झोपले. प्रश्न आहे तो या दोन गोष्टी कशामुळे घडल्या, हा.

आधी मिरचीकडे पाहू. तिचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो आणि ते मुख्यतः आतल्या पांढऱ्या गाभ्यात असते. मिरची मध्यम आचेवर होरपळली की हे द्रव्य धुरातल्या सूक्ष्म कणांबरोबर हवेत पसरते आणि नाका-घशातल्या टीआरपीव्ही-१ या संवेदकांना डिवचते. हेच संवेदक ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णताही ओळखतात, म्हणून तिखट ‘जाळते’. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हा संवेदक शोधला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा वाटा होता, त्यामागे हे काम होते.

पण निखारा फुललेला असेल आणि मिरच्या भडकन पेटल्या, तर कॅप्सेसिन हवेत जाण्याआधीच बरेचसे जळून जाते. मिरची ब्याडगी असेल तर मुळात तिखटपणाच कमी. मिरच्या किती, अख्ख्या की मोडलेल्या, खिडकी उघडी की बंद, यावरही ठसका ठरतो. फोडणीत मिरची करपली की स्वयंपाकघर खोकते आणि दृष्ट काढताना कोणी खोकत नाही, हा फरक आचेचा आहे. मिठाच्या खड्यात अडकलेल्या ओलाव्याची आणि मोहरीतल्या पाण्याची वाफ होते, दाब वाढतो आणि ते फुटतात. तडतड होते ती त्यामुळे.

या परीक्षेची आणखी एक गंमत आहे. ठसका आला नाही तर दृष्ट मोठी होती. ठसका आला तर दृष्ट नव्हती, किंवा आता गेली. म्हणजे उत्तर चुकण्याची सोयच नाही. खरी परीक्षा करायची तर एकाच बरणीतल्या मिरच्यांचे दोन सारखे वाटे करावेत. एक ओवाळावा, दुसरा तसाच ठेवावा. ओवाळलेला वाटा कोणता हे ज्याला माहीत नाही, त्याने ते एकामागोमाग एक सारख्याच तापलेल्या तव्यावर टाकावेत. ठसक्यावरून ओवाळलेला वाटा ओळखता येतो का, ते मग आपोआप कळेल. अर्थात, लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना लांब ठेवून.

आता बाळाकडे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांना रडण्याची रोज नोंद ठेवायला सांगितले आणि निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. निरोगी बाळांचे रडणेही जन्मानंतर वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते आणि तीन महिन्यांपर्यंत बरेच ओसरते, असे त्यांना दिसले. या रडण्याचा जोर बहुतेक संध्याकाळी असतो. म्हणजे दृष्ट काढण्याची वेळ आणि रडण्याची वेळ एकच. रडणे टोकाला गेले की उपाय होतो, आणि टोकाला गेलेले रडणे पुढे ओसरतेच. श्रेय मिरच्यांना मिळते. साध्या विषाणूजन्य तापाचेही तसेच. तो तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो आणि नेमकी तिसऱ्या दिवशी दृष्ट काढलेली असते.

मग माणसे हे का करतात? मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तिथले कोळी शांत खाजणात मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. खोल समुद्रात, जिथे जीव धोक्यात आणि मासळीचा भरवसा नाही, तिथे मात्र विधी भरपूर. आपल्या घरातही परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवतात, नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, बाळाला तीट लावतात. रोज कुकर लावताना कोणी काही ओवाळत नाही. जिथे आपल्या हातात फारसे काही नसते, तिथे हात काहीतरी करू पाहतात. रात्र रात्र जागणाऱ्या आईला ‘घरातली माणसे आपल्या पाठीशी आहेत’ हा दिलासा त्यातून मिळतो, आणि तो लहानसहान नाही.

म्हणून गालावरच्या तिटेवरून वाद घालण्यात अर्थ नाही. काळजी घ्यायची ती तीन ठिकाणी. पहिले, धूर. तान्ह्या बाळाच्या चिमुकल्या श्वासनलिकांना मिरचीचा धूर सोसत नाही, दम्याच्या रुग्णाला त्याने अटॅक येऊ शकतो. ओवाळायचेच असेल तर मिरच्या बाळापासून दूर, घराबाहेर टाकाव्यात. दुसरे, काजळ. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे सापडले आहे. शिशाची कोणतीही मात्रा मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित मानली जात नाही. घरी धरलेले काजळही बोटाने डोळ्यांत घातले तर जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाळाच्या डोळ्यांत काहीही घालू नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, वेळ. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, कोणत्याही वयाचे बाळ दूध ओढत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके येत असतील, मलूल पडले असेल किंवा श्वास भराभर चालला असेल, तर थेट दवाखाना गाठावा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास ही धोक्याची खूण आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही रेघ इथेच ओढली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे.

रडके बाळ नुसते कुरकुरते आहे की आजारी आहे, हे ठसक्यावरून कळत नाही. ते कळते त्याच्या श्वासावरून, दूध पिण्यावरून, अंगाच्या तापावरून. आजीने मीठ-मोहऱ्या हातात घेण्याआधी बाळाच्या छातीकडे मिनिटभर पाहिले, तर तिची काळजी अधिक उपयोगी पडेल.