‘आयजीआय आम्ही दोघं मिळून खेळायचो’: चुकीच्या आठवणीचं संशोधनात काय करायचं?

जळगाव-धुळ्याकडचा, आज तिशी-पस्तिशीत असलेला कुणीही मित्र गाठा आणि ‘प्रोजेक्ट आयजीआय’चं नाव काढा. पाच मिनिटांत एक वाक्य येण्याची दाट शक्यता आहे: “अरे, आम्ही दोघं मिळून खेळायचो ना!”

आता अडचण अशी की आयजीआय दोघांनी खेळायचा गेमच नाही. त्यात मल्टिप्लेअर नव्हतं. डेव्हिड जोन्स एकटाच तळात शिरतो आणि एकटाच बाहेर पडतो. मग समोरचा खोटं बोलतोय का? लहानपणीच्या गेमवर संशोधन करता येईल का, असं तुमच्यापैकी काही जण विचारतात. करता येतं. पण आधी या एका वाक्याचं काय करायचं ते कळायला हवं, म्हणून आजची पोस्ट त्यावरच.

गेमची पार्श्वभूमी थोडक्यात. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने तो बनवला आणि २००० च्या अखेरीस आयडॉसने बाजारात आणला. याच कंपनीने आधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा विमानाचा गेम केला होता आणि त्याचंच इंजिन इथे वापरलं. म्हणून आयजीआयमध्ये बंद खोल्यांपेक्षा मोकळं मैदान, लांबवर डोंगर आणि दुर्बिणीतून दिसणारे टेहळणी मनोरे जास्त आहेत. परदेशी समीक्षकांनी दोन गोष्टींवर बरीच टीका केली: शत्रूंना अक्कल कमी, आणि मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही. मेलात की मिशन पहिल्यापासून.

ही दुसरी गोष्ट इकडच्या सायबर कॅफेत आणून ठेवा. तासाचे पैसे दोघा-तिघांत मिळून काढलेले. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक, फार तर शेजारी एक स्टूल. पाळी कधी बदलायची? वाद घालायची गरजच नव्हती: मेला की उठ. घड्याळ लावून पाळ्या ठरवण्यापेक्षा हे सोपं, आणि भांडण कमी. समीक्षकांना जो दोष वाटला, तोच इथे पाळीचा नियम झाला. शिवाय एकाचा हात कीबोर्डवर, दुसऱ्याचा माऊसवर हाही प्रकार चालायचा. तिसरा मागून ओरडायचा, “कॅमेरा आहे, कॅमेरा!” म्हणजे दोघं मिळून खेळणं खरंच होतं. फक्त ते सीडीत नव्हतं, खुर्चीभोवती होतं.

त्यात लोडशेडिंग. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, आणि अंधारही आमच्याच वाट्याला (हा टोमणा जळगावकरांना नवा नाही). यूपीएसची बॅटरी जेमतेम. मिशन संपत आलंय, “लाईट गयी रे!” अशी हाक, आणि पुन्हा पहिल्यापासून. आयजीआय ‘लय अवघड गेम’ होता असं लोक सांगतात, तेव्हा त्या अवघडपणात वीज मंडळाचा वाटा किती, हे वेगळं काढून बघावं लागेल.

मौखिक इतिहासात या पद्धतीचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि ते प्रत्येकाने वाचायला हवं. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे गावकऱ्यांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी ही घटना १९५३ मधली म्हणून सांगितली. त्या वर्षी कारखान्यातून मोठी कामगारकपात झाली होती आणि रस्त्यावर संघर्ष पेटला होता. पोर्तेल्लींनी तारीख दुरुस्त करून विषय मिटवला नाही. गावाने हा मृत्यू हलवून तिथेच का नेऊन ठेवला, असा प्रश्न त्यांनी विचारला. चूक काय आहे हे कळायला कागद लागला, आणि चुकीचा अर्थ कळायला माणसं.

पण सावकाश. यावरून ‘प्रत्येक चूक म्हणजे पुरावा’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका, गाईड पहिल्याच वाचनात पकडतील. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की माणूस आठवताना ओळखीच्या साच्यात बसेल तसं रचून सांगतो. आयजीआय, २००३ चा आयजीआय २ आणि काउंटर-स्ट्राइक यांची सरमिसळ ही बऱ्याचदा नुसती सरमिसळच असते. फरक कसा ओळखायचा? एक, गेम आजही चालवून बघता येतो. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी सोय क्वचितच मिळते, ती वापरा. दुसरं, माणसांशी आधी एकेकट्याने बोला, मग गटात. गटात बसलं की सगळ्यांची आठवण एकसारखी होत जाते, आणि ते होताना बघणं हाही अभ्यासच आहे.

कागदांची बाजू मात्र फार लंगडी आहे. १९२६ मध्ये राजवाडे गेले आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली दप्तरं जपण्यासाठी धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं. आपल्या विषयाचं दप्तर कुठे? सीडी बहुतेक कॉपी केलेल्या, म्हणजे विक्रीचा आकडा नाही. कॅफेंनी ग्राहकांची नोंदवही किमान वर्षभर ठेवायची, हा केंद्राचा नियम आला २०११ मध्ये. तोवर मोबाईल हातात आले होते. उरतात त्या काळच्या वर्तमानपत्रांतली भारनियमनाची वेळापत्रकं आणि माणसं. वेळापत्रकं ग्रंथालयात सापडतील. माणसं पुण्या-मुंबईला, सुरतला पांगलीत, आणि कॅफे चालवणारे तर आता उतारवयाकडे झुकलेत. म्हणून घाई आहे.

विषय लिहिताना ‘आयजीआय आणि खान्देशातलं बालपण’ असं लिहाल तर काहीच हाती लागणार नाही. ‘सेव्ह नसलेला गेम एका खुर्चीवर अनेकांनी कसा वाटून घेतला: जळगाव व धुळे शहरांतील सायबर कॅफे, २००१ ते २०११’ असं लिहिलंत तर कुणाला भेटायचं, काय विचारायचं हे आपोआप ठरतं.

आणि त्या वाक्यातल्या ‘आम्ही’कडेही लक्ष द्या. मुलाखतीत मी ‘गेम कसा होता’ हे शेवटी विचारतो. आधी विचारतो, पैसे कोण काढायचं, माऊस कुणाकडे असायचा, मागे कोण उभं असायचं. मग विचारतो, तुमच्या बहिणीने हा गेम कुठे पाहिला? याचं उत्तर बहुतेकांना सुचत नाही, म्हणून जमेल तेव्हा तो प्रश्न मी थेट बहिणीलाच विचारतो.